मजुरीचा रकाना

उद्यानातल्या बत्तीस संडासांची
निविदा निघाली फेब्रुवारीत.
खाली बारीक अक्षरांत: छोट्या उद्योगांसाठी राखीव.
डेल म्हणाला, छोटे म्हणजे किती छोटे ते विचार आधी.
आमच्याकडे एक टँकर, दोन माणसं
आणि एक कुत्रा, ज्याला कुणी हिशेबात धरत नाही.

पहिले पंधरा दिवस नुसते नोंदणीत गेले.
सरकारला आमचं नाव हवं होतं
बँकेत आहे तसंच, करखात्यात आहे तसंच.
'ऑस्लर अँड ऑस्लर'मधलं अँड
एकीकडे अक्षरांत होतं, दुसरीकडे खुणेत.
तेवढ्या एका 'आणि'पायी चार फोन, एक शपथपत्र,
मग बारा अक्षरांचा नंबर मिळाला.
तो मी फ्रीजवर लावला,
टॅमसिनच्या सोनोग्राफीच्या फोटोशेजारी.

जागेची पाहणी मार्चमध्ये. सावलीत अजून बर्फ.
हिगुएरा बाई पुढे, मागे आम्ही अकरा जण.
सॉल्ट लेकहून आलेले मोबाइलवर फोटो काढत होते.
मी झाकण उचलून आत वाकले.
वास खोटं बोलत नाही:
ऑक्टोबरपासून हे टाकं कुणी उपसलेलं नाही,
तळाशी बाटल्या आहेत, आणि बहुधा एक बूट.
मी तसं म्हटलंही. सगळे दोन पावलं मागे सरले.
हिगुएरा बाईंनी तेवढं काहीतरी टिपून घेतलं.

नवव्या मैलावर रस्ता स्वतःच्याच अंगावर वळतो.
मी तो पावलांनी मोजला.
त्यांचे टँकर तिथे वळणार नाहीत.
आमचा वळतो, म्हातारा आहे आणि आखूड.
'कामाची पद्धत' या मथळ्याखाली
मी यावर अडीच पानं लिहिली;
टॅमसिननं कापून सात ओळी केल्या.

'पूर्वानुभव, मागील तीन वर्षे.'
काय लिहू?
काउंटीची जत्रा. शाळा, दोनदा.
क्वेल यांच्या मुलाचं लग्न:
पाहुणे चारशे, टाकी दोनशेंची,
आणि मध्यरात्री मी टॉर्च तोंडात धरून.
त्या लग्नात कुणाला काही कळलं नाही.
आमच्या कामाचा पुरावा तोच,
कुणाला काही न कळणं.
त्याला फॉर्मात जागा नव्हती.

शेवटच्या दिवशी लक्षात आलं,
पाच म्हणजे डेन्व्हरचे पाच.
डेन्व्हरची दुपार आमच्यापुढे तासभर असते.
आमच्या घड्याळात चाराला सहा कमी असताना
पोचपावती आली.

जूनमध्ये पत्र. नाही मिळालं.

पण हरलेल्यालाही विचारायचा हक्क असतो,
तीन दिवसांच्या आत, लेखी: का?
मी विचारलं.
हिगुएरा बाईंचाच फोन आला.
त्या वळणाचं फक्त तुम्हीच लिहिलं होतंत, म्हणाल्या.
पण तुमचा दर. एवढ्यात हे काम होत नाही हो.
समितीला वाटलं, तुम्हाला काम समजलंच नाही.

मी कागद काढला.
डिझेल. विल्हेवाटीचं शुल्क. विमा. हातमोजे, जाड, दोन डझन.
कुत्र्याचं खाणंसुद्धा, 'राखण' म्हणून.
डेल: ताशी चोवीस डॉलर.
व्हर्लीन: आणि पुढे एक रेघ.

फोन, पावत्या, विम्याची भांडणं,
पहाटे अडीचला थंडीत नळी धरून उभं राहणं,
सगळं मी फुकटात धरलं होतं, घरचंच म्हणून.
बत्तीस वर्षांत माझा भाव कुणी विचारला नव्हता.
विचारला तो सरकारनं,
तोही नापास करून.

सप्टेंबरात उत्तरेकडच्या तळांची निविदा आहे.
मी रेघ खोडली.
पेन्सिलनं आकडा लिहिला,
पुसला, वाढवून लिहिला.
डेलनं खांद्यावरून डोकावून पाहिलं.
'एवढे?'
मी म्हटलं, टँकरमध्ये डिझेल भरून ठेव,
उद्या तिकडचे रस्ते मोजायचेत.